कढीपत्त्याला ताक
अगं पोरी, ही चिठ्ठी नीट वाच, आन् वाचता वाचता त्या मोबाइलकडं बघू नकोस. आज फोडणीत कढीपत्ता तडतडला आन् मला रान विकलं ते वरीस आठवलं. बांधावरचा कढीपत्ता तेवढा मी मुळासकट उकरून नांदे गावातल्या नव्या घरी आणला, अंगणात लावला, तर त्याची सगळी पानं गळाली. मला वाटलं, रानाशी होतं ते शेवटचं नातंबी तुटलं. घास गिळवेना, बोलावंसं वाटेना. सून बिचारी ताट घेऊन मागं मागं फिरायची. मग कासार आंबोलीहून जाऊबाई आल्या. त्यांनी नखानं खोडाची साल खरवडली आन् म्हणाल्या, "हे बघ, आत हिरवं हाय. मेलं न्हाई, तुझ्यावानी रुसलंय. ताक पाज त्याला, आन् तूबी पी!" मग रोज सकाळी आंबट ताकात पाणी घालून मुळाशी ओतायचं, तिथंच बसून माझा पेला प्यायचा, त्याच्याशी रानातलं काहीबाही बोलायचं. एक दिवस बुडाशी कोवळा कोंब दिसला आन् छातीवरचा धोंडाच उतरला. मी हाक मारली, "सूनबाई, भाकरी टाक गं, लई भूक लागलीया!" ती पीठ मळता मळता रडली, मी मात्र पोटभर जेवले. आता झाड माझ्या डोक्यावर गेलंय, आन् तू म्हणं कढीपत्ता विकत आणतीस! लवकर ये बाई, आपल्या हातानं तोडून ने.