पासपोर्टाची चौकशी आणि म्हसवडचं स्थळ

सांगलीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर पाटी होती : ‘परदेशगमनाविषयी सल्ला मिळेल.’ साठीच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा आमच्या भागातले पुरुष घर सोडून खूप लांब जायचे. विट्याकडचे लोक सोनं गाळायच्या धंद्यापायी कलकत्ता-मद्रास गाठायचे, आणि पलटणीतले जवान सरकार पाठवील तिकडे. पण स्वतःच्या मनाने समुद्र ओलांडून जाणारं कुणी माझ्या पाहण्यात नव्हतं. त्यात बाई तर नव्हतीच.

मी सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स होते. इंग्लंडातल्या एका दवाखान्याने मला पुढच्या शिक्षणासाठी जागा दिली होती. दोन वर्षं शिकायचं, राहणं-जेवण तिकडचं. अट एकच : वर्ग सुरू व्हायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. माझ्याकडे सगळं होतं, फक्त पासपोर्ट नव्हता. त्यासाठी मी ती माडी चढले.

सल्लागार साठीचे होते. लढाईच्या काळात रसदखात्यात कारकून म्हणून बसरा आणि इटली बघून आले होते, आणि त्या दोन मुलुखांच्या जोरावर ते उरलेल्या सगळ्या जगाचा सल्ला देत. कुठल्याही देशाचं नाव काढलं की आधी म्हणायचे, “घोंगडी घ्या.” मी इंग्लंड म्हटल्यावर म्हणाले, “दोन घ्या.”

पण कामाला माणूस पक्का होता. जामीन कोण राहील, सही कुणाची चालते, कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, सगळं त्यांना तोंडपाठ. मी काढून आणलेला फोटो त्यांनी खिडकीत धरून पाहिला. त्या फोटोग्राफरकडे सांगलीतल्या समस्त उपवर मुलींचे फोटो निघत. त्याने सवयीने मला फुलदाणीशेजारी उभं केलं होतं, मान वाकडी करायला लावली होती, आणि वर हाताने रंग मारून मला दोन पिढ्या गोरी केली होती.

“सिस्टर,” सल्लागार म्हणाले, “हा फोटो बघून इंग्रज तुम्हाला मागणी घालतील. आत यायला देणार नाहीत.”

दुसरा काढला. त्यात मी होते तशीच, काळीसावळी आणि वैतागलेली आले. तो त्यांना फार आवडला.

अर्ज मुंबईला गेला त्या दिवशी त्यांनी मला शेवटचा सल्ला दिला. “आता गावाकडं चौकशी होणार. साध्या कपड्यातला पोलीस येईल. तो ओळख देत नाही, इकडं तिकडं विचारतो. गावात एवढंच सांगून ठेवा की एक माणूस विचारायला येईल, मुलीबद्दल चांगलं बोला. पोलीस हा शब्द मात्र चुकूनही काढू नका. आमच्या एका पक्षकाराच्या गावात काढला होता, तर सगळी आळी उसात जाऊन बसली.”

मला हे शहाणपणाचं वाटलं. रविवारी एस.टी.ने गावी गेले. आमचं गाव विट्याच्या अलीकडे. गावाच्या टोकाला आमची वस्ती. छप्पननंतर आम्ही सगळी बौद्ध झालो होतो आणि वस्तीतल्या लोकांनी अंगमेहनतीने छोटा विहार बांधला होता. वस्तीची सगळी बातमी त्याच्या ओट्यावर बसून पुढे जायची. माझे वडील, म्हणजे दादा, पलटणीत, लांब सरहद्दीवर. पोरीने शिकायचं हे त्यांनीच ठरवलं होतं, आणि परदेशाचं कळल्यावर त्यांनी होकारही कळवला होता. आईने होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. ती म्हणाली होती, “बगू.” आणि वस्तीत कुणाला ह्याची कुणकुण लागू दिली नव्हती, कारण तिला माझं लग्न करायचं होतं.

त्याच दिवसांत म्हसवडच्या एका शाळामास्तरांचं स्थळ चालून आलं होतं. मी आईला सरळ सांगितलं होतं की मला आत्ता लग्न करायचं नाही. त्यावरही ती “बगू”च म्हणाली होती.

चुलीपुढे बसून मी तिला सांगितलं, “आये, माझी चौकशी करायला एक माणूस येईल. साधाच असेल, कोण कुठला ते सांगणार नाही. वस्तीत सगळ्यांना सांगून ठेव, चांगलं बोला म्हणावं.”

आईचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. तिचं मन वळलं असं वाटून मी आनंदात सांगलीला परतले.

पुढे काही आठवड्यांनी गावाकडून निरोप आला : माणूस येऊन गेला, लय खूश होऊन गेला. मी माडीवर जाऊन सल्लागारांना पेढे दिले. त्यांनी मला बोटीवर पोट कसं सांभाळायचं ते शिकवलं. दोन घोंगड्या मी खरंच विकत घेतल्या.

आणि मग मुंबईहून उत्तर आलं. अर्जातली माहिती चौकशीशी जुळत नाही, सबब अर्ज नामंजूर.

मी रडत माडीवर गेले. सल्लागारांनी टोपी घातली, पोलिसांत त्यांच्या ओळखीचा कुणी होता त्याला भेटून आले आणि टोपी न काढताच खुर्चीवर बसले.

“सिस्टर, तुमचं वय काय?”

“पंचवीस. अर्जात आहेच की.”

“गाव म्हणतं एकोणीस. तुम्ही नर्स आहात?”

“म्हणजे काय?”

“गाव म्हणतं, हौसेपायी जाते, लग्न झालं की सोडेल. तुम्ही परदेशी चाललात?”

“दोन घोंगड्या घेतल्यात की!”

“गाव म्हणतं, ही अफवा जळणाऱ्यांनी उठवलेली आहे. मुलगी सांगलीला जातानासुद्धा रडते. बाकी शेवया फार चांगल्या करते असं त्याने शेवटी नोंदवलंय.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गावाला गेले ती धुमसतच. विहाराच्या ओट्यावर माझी चुलती बसली होती. तिने मला पाहताच हाक मारली, “आली गं आली! म्हसवडकरांचा काय निरोप?”

तेव्हा सगळा उलगडा झाला. आमच्याकडे रीतच आहे. स्थळ पसंत पडायच्या बेतात असलं की मुलाकडचा एखादा अनोळखी माणूस गावात येतो. तो ओळख देत नाही. दुकानात बसतो, पाणवठ्यावर उभा राहतो, मुलगी कशी, घराणं कसं, हळूच विचारतो. आणि गावानेही त्याला ओळखलं नाही असं दाखवत मुलीची भरभरून तारीफ करायची. गावातली भांडणंसुद्धा त्या दिवसापुरती बंद असतात. पोलिसानेही नेमकं हेच केलं होतं. पांढरा सदरा, हातात छत्री, एस.टी.तून उतरून दुकानात बसला आणि म्हणाला, “इथं एक मुलगी आहे म्हणे, दवाखान्यात असते.” सगळ्या वस्तीने एकमेकांना डोळ्यांनी खुणावलं.

चुलती अभिमानाने सांगत होती. “म्या त्येला घरात आनला, शेवया घातल्या, म्हनलं ह्या पोरीच्या हातच्या. त्यो म्हनला वय? म्या म्हनलं, एकोनीस. तुझी आय म्हनली, ईस लागायचं हाय अजून. मग त्यो हळूच इचारतो, ती परमुलकात जानार हाय म्हनं? म्या म्हनलं, आवं कोन म्हनतं आसं? जळत्यात मेली. आमी तर पोरगी म्हसवडच्या पल्याडसुदीक देनार न्हाई.”

“आणि आई काय म्हणाली?”

“ती काय म्हननार? ती म्हनली, आमच्या सात पिढ्यांत कुनी समुद्र बगितला न्हाई.”

मी घरात जाऊन आईवर तोंडसुख घेतलं. आई आधी कावरीबावरी झाली, मग चिडली. “तूच म्हनलीस न्हवं, चांगलं बोला? मग आमी काय वाईट बोललू?”

“तो पोलीस होता, आये!”

आई मटकन खाली बसली. पोलिसाला शेवया घातल्या ह्याचं तिला जास्त वाईट वाटलं की खोटं बोलल्याचं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि मग मला रडू आवरेना. ती जागा जाणार होती. मी तिला तसं सांगितलं, घेऊन ठेवलेल्या दोन घोंगड्यांचंही सांगितलं. ह्या वेळी ती “बगू”सुद्धा म्हणाली नाही.

सल्लागारांनी हार मानली नाही. फेरचौकशीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला आणि दुसरी चौकशी मंजूर करून घेतली. “आता मी जातीने गावाला येतो,” म्हणाले. “साक्षीदार तयार केल्याशिवाय उभे करायचे नसतात.”

ते टोपी, कोट आणि बसऱ्याहून आणलेली चामडी पिशवी घेऊन एस.टी.तून उतरले, तेव्हा दुकानदाराने आत जाऊन वर्दी दिली की म्हसवडचा दुसरा माणूस आला. त्यांना शेवया खाव्याच लागल्या. मग ओट्यावर बायकांना बसवून त्यांनी तालीम सुरू केली.

“मी पोलीस आहे असं समजा. मुलीचं वय?”

“एकोनीस,” चुलती म्हणाली.

“बाई, खरं सांगायचं.”

“बरं, ईस.”

“खरं!”

“आवं, मुलीचं खरं वय कुनी सांगतं व्हय? तुमचं काय खरं न्हाई बगा. घ्या एकवीस, आन काय म्हनू नका.”

सल्लागारांनी डोकं धरलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी चुलतीला बावीसपर्यंत आणली. तिथे ती अडून बसली. “ह्येच्या वर मी चडनार न्हाई. माझ्याबी लेकी उजवायच्या हायेत,” म्हणाली. जाताना सल्लागार मला म्हणाले, “इटलीत गोळीबारात रसद पोचवली, पण असली माणसं नाही पाहिली.” आणि आईकडे वळून नमस्कार करत म्हणाले, “बाई, आता सगळं तुमच्यावर.”

दुसऱ्या चौकशीला तोच पोलीस आला. मी त्या दिवशी घरीच होते. पण आता वस्तीला कळलं होतं तो कोण ते. दुकानाची फळी पडली, दारं लागली, पुरुष शेताकडे निघून गेले. चुलतीने खिडकीतून मान काढली, पोलीस दिसला तशी आत घेतली. बिचारा छत्री घेऊन ओट्यापाशी उभा राहिला. “अहो, कुणीतरी बोला,” असं तो रिकाम्या गल्लीला म्हणत होता.

आणि त्याच वेळी म्हसवडचा माणूस आला. हा खराखुरा, मास्तरांचा मामा. लग्न ठरवायच्या आधी एकदा मुलीकडे डोकावून जावं म्हणून तो त्याच एस.टी.तून उतरला होता. तो येऊन ओट्यावर टेकला आणि पोलिसाला म्हणाला, “आपणबी चौकशीलाच का?”

“हो,” पोलीस म्हणाला.

“आमचं जवळजवळ ठरलंय,” मामा जरा गुर्मीत म्हणाले.

मी दाराआडून हे ऐकत होते. आई परड्यातून शेणाचे हात धूत आली, तिने दोघांनाही ओळखलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. बोलायचं तिलाच होतं, आणि दोघांच्या देखत.

पोलिसाने वही काढली. “मुलीचं वय काय, बाई? नीट सांगा.”

लागलेल्या प्रत्येक दाराआड माणूस होतं, हे आईला ठाऊक होतं. ती पदर खोचून ओट्यासमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “पंचीस पुरी. मागच्या येळंला आमी खोटं बोललू. लगीन ठरल्यालं न्हाई. पाच वर्सं झाली नोकरी करतीया, आन सोडनार न्हाई. शेवया तिला येत न्हाईत, त्या माझ्या जावंनं केल्या हुत्या.”

खिडकीत चुलतीने “आगं बया!” केलेलं मी ऐकलं. म्हसवडच्या मामांनी टोपी सारखी केली, चहाची वाटही पाहिली नाही, आणि स्टँडच्या वाटेला लागले. आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. दोन वर्षं ती माझ्या लग्नासाठी खटपट करत होती, ते मला माहीत होतं.

“परदेशी जाणार हे खरं?” पोलिसाने विचारलं.

“व्हय. इंग्लंडला. शिकायला.”

त्याने लिहून घेतलं. मग ओळीवर बोट ठेवून तो जरा अवघडून म्हणाला, “घरच्यांची हरकत आहे का, हे विचारायचं असतं.”

आईने खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. मग म्हणाली, “हाय. लय हरकत हाय. पर ती माझी हाय सायेब, सरकारला कशाला सांगायची? तुमी न्हाई म्हनून ल्ह्या.”

पोलिसाने ‘नाही’ लिहिलं. आई आत आली आणि मला म्हणाली, “त्या दोन घोंगड्या कुटं हायेत? उनात टाकल्या पायजेत.”