चौकटीवरची रेघ

पनवेलच्या त्या साइटवर दर शनिवारी मी मजले चढायचो. आजवर किती काम व्हायला हवं होतं, किती झालं आणि त्यावर किती खर्च झाला, हे ताडून पाहणं ही माझी नोकरी. लिफ्ट अजून बसली नव्हती. नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत वाद घालायची ताकदच उरत नसे.

तिथे लादी बसवणारे एक म्हातारे मिस्त्री असायचे. जवळच्या आपटा गावाहून यायचे, नाव मी कधी विचारलं नाही. खोली झाली की ते उकिडवे बसून, कान तिरका करून, थापीच्या मुठीनं एकेक लादी वाजवायचे. पोकळ वाजली की उखडायचे. सगळ्या भरीव वाजल्या, तरच दाराच्या चौकटीवर खडूची रेघ.

"मिस्त्री, ही खोली नव्वद टक्के धरू ना?" मी एकदा विचारलं.

"नव्वद टक्के कशी वाजते, सायेब? भरीव नायतर पोकळ. आमी रेघ मारली का मगच लिवा."

मी ऐकलं त्यांचं. रेघ नसलेल्या खोल्यांपुढे शून्य लिहीत गेलो. खर्च पुढे, काम मागे, असा आलेख मीटिंगमध्ये दिसला आणि साहेब माझ्यावर भडकले.

पुढच्या शनिवारी मिस्त्री नव्हते. दुसरी टोळी होती, आणि झाडून साऱ्या चौकटींवर रेघा होत्या.

मी उकिडवा बसलो. पेनाच्या मागच्या टोकानं लादी वाजवली. पोकळ. शेजारचीही तशीच. गुडघे दुखायला लागले तसा उठलो, आणि त्याच पेनानं शंभर लिहिलं.