अकरा पेशी राहिल्या होत्या

रोह्याच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. राहायला पेणला. सकाळची गाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर एस्टीने. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील धाटावला कंपनीत शिफ्टला जातात. विषाणू, लस, मास्क हे शब्द या मुलांना फार लहान वयात पाठ झाले. पण आजारी पडल्यावर शरीराच्या आत नेमकं काय चालतं, असं विचारलं की एकच उत्तर यायचं. "बाई, इम्युनिटी लागते." ती कशाने येते? काढ्याने. असते कुठे? एकाने अंदाजाने पोटावर हात ठेवला होता.

एकदा गाडीत बसल्या बसल्या मला गेम सुचला. खेळणारा स्वतःच एक पांढरी पेशी व्हायचा, रक्तातून हिंडायचा, समोर येईल तो आपला की परका हे ओळखायचा. परका असेल तर बाकीच्या पेशींना बोलवायचं, आपला असेल तर जाऊ द्यायचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात मोबाईलचे गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिला फोन केला तर ती खूश झाली. म्हणाली, "बाई, प्रोग्रॅमिंग मी सुट्टीच्या दिवशी करून देते. चित्रं मात्र तुम्ही बघा." मार्चमध्ये शिक्षकांनी बनवलेल्या साधनांची एक स्पर्धा होती. तिथे गेम पाठवायचा असं आमचं ठरलं.

चित्रांसाठी मला लांब जावं लागलं नाही. आमच्या मागच्या आळीत गणपतीचा कारखाना आहे. तिथे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या एक मावशी आहेत. खाडीकडच्या गावातल्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन पेणला आल्या आणि तीस वर्षं डोळेच काढत राहिल्या. मूर्ती घडवणारे पुष्कळ, पण डोळे सगळ्यांना जमत नाहीत. कारखान्याचे मालकसुद्धा त्या ब्रश टेकवायला लागल्या की बाजूला बोलायचं थांबत. दोन घरं सोडून राहतात, म्हणून येता-जाता बोलणं असायचं. गणपती झाले, काम सैल पडलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, शाडूच्या लहान लहान पेशी करून द्याल का? मी त्यांचे मोबाईलवर फोटो काढणार होते आणि तेच फोटो गेममध्ये हलणार होते.

पुस्तकातली आकृती त्यांनी लांब धरून पाहिली. "ह्यो तर भजीचा घाना दिसतो," म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी ओट्यावर चार गोळे वाळत ठेवलेले होते. प्रत्येकाला डोळे.

"मावशी, पेशींना डोळे नसतात," मी म्हटलं.

"डोले नाय तर आपला कोन नि परका कोन कसा कलनार त्यांना?"

मला ते पटलं. जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशीला त्यांनी जड पापण्यांचे, जेवून सुस्तावल्यासारखे डोळे दिले. जुने जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशीला दिले म्हातारीचे, बारीक, कोपऱ्यातून बघणारे. एकूण चाळीस पेशी ठरल्या होत्या. मी शाळेतून आले की त्यांच्या ओट्यावर जायचे, त्या दिवशीची पेशी हातात घ्यायचे आणि ती शरीरात काय काम करते ते त्यांना सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या, मध्येच हसायच्या. इतकं लक्ष देऊन माझ्या वर्गात कोणी ऐकत नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, "बाई, सकाली मूठ मिटत नाय."

तेव्हा मी गेमचा सातवा टप्पा लिहीत होते. शरीराच्या सैनिकांची ओळख चुकते आणि ते आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात, हा तो टप्पा. त्यासाठी मी महिनाभर वाचत होते. वही भरली होती. सुरुवात हाताच्या लहान सांध्यांपासून होते, दोन्ही हातांना एकदम होते, सकाळी आखडलेपण तासाहून जास्त टिकतं, हे सगळं त्या वहीत माझ्याच अक्षरात होतं.

"एकाच हाताला की दोन्ही?" मी विचारलं.

"दोनी."

"सकाळी किती वेळ?"

"चाय होते, आंघोल होते, तरी सुटत नाय. घागरीला हात घातला की बोटां दुसऱ्याची वाटतात."

मी वही उघडली आणि ते वाक्य लिहून घेतलं. त्यांच्यासमोरच. सातव्या टप्प्याच्या आधी एक आजी पडद्यावर येऊन स्वतःचं दुखणं सांगते, असा प्रसंग मला हवा होता आणि तिच्या तोंडी काय घालावं ते आठवडाभर सुचत नव्हतं. मी आणखी विचारत राहिले. सूज कुठे आहे, गरम लागते का, थकवा येतो का. त्या एकेक बोट पुढे करून दाखवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमी तरी इचारता. घरात कोनाला येल नाय."

घरात मुलगा आणि सून. मुलगा डोलवीला कंत्राटी कामावर. शिफ्ट फिरती, आला की झोपायचा. सून तिच्या तान्ह्या मुलात. त्यांनी विचारलं नाही हे खरं, पण त्यांना माहीत तरी काय होतं? मला माहीत होतं. निदान शंका तरी पक्की होती. त्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "थंडी सुरू झाली ना, त्यानेही होतं. गरम पाण्यात हात बुडवत जा."

असं का म्हटलं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. मी डॉक्टर नाही, उगाच कशाला घाबरवायचं, अशी समजूत मी तेव्हा स्वतःची घातली होती. पण खरी गोष्ट अशी की अकरा पेशी व्हायच्या राहिल्या होत्या. डॉक्टर म्हणजे पनवेल, तपासण्या, औषधं आणि पहिल्यांदा हाताला विश्रांती. आधी पेशी होऊ देत, मग बघू. हा विचार माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आला होता. आपोआप घडलं असं मला म्हणता येत नाही.

अकरा पेशींना तीन महिने लागले. मध्ये दोन त्यांच्या हातून पडून फुटल्या. "हातच ऐकत नाय," असं म्हणून त्यांनी त्या पुन्हा केल्या. शेवटच्या चारपाचांच्या डोळ्यांची रेघ हललेली होती. तीस वर्षांत ज्यांची रेघ हलली नाही, त्यांची. मी ती कॉम्प्युटरवर सरळ करून घेतली आणि त्यांना काही बोलले नाही.

फेब्रुवारीअखेर गेम तयार झाला. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नववीच्या मुलांना खेळायला दिला. गोंगाट चालला होता, मुलं जंतू गिळत होती, मला फार बरं वाटत होतं. खिडकीपाशी एक मुलगी सातव्या टप्प्यावर थांबली होती. पडद्यावरची आजी मावशींचं वाक्य बोलून गेली होती. एरवी वर्गात फारसं न बोलणारी. तिने मला बोलावलं.

"बाई, या आजींना डॉक्टरकडे न्यायचं बटण कुठाय?"

मी म्हटलं, "आपण शरीराच्या आत आहोत ना? आतून आपण फक्त पेशींना आवरू शकतो."

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "पण खेळणारा तर बाहेर बसलाय. त्याला ऐकू आलंय की त्या काय म्हणाल्या ते."

मी "बघूया, टाकू पुढच्या वेळी," असं काहीतरी म्हटलं आणि लॅबच्या बाहेर येऊन उभी राहिले. घंटा झाली तरी आत गेले नाही. दुसऱ्या बाईंनी मुलांना सोडलं.

त्या दिवशी गाडीची वाट न बघता एस्टीने आले आणि सरळ कारखान्यात गेले. नव्या मूर्तींचं काम सुरू झालं होतं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ब्रश बोटांत न धरता मुठीत धरून मूर्तीच्या पाटाला रंग देत होत्या. डोळे काढायच्या मूर्ती दुसऱ्याच बाईंपुढे होत्या. मी म्हटलं, "मावशी, उद्या माझ्याबरोबर पनवेलला चला. हात दाखवू."

"उद्या? तुमची शाला?"

"रजा टाकते."

पनवेलच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, एक्स-रे काढला. तो उजेडासमोर धरून दोन सांध्यांच्या कडा दाखवल्या. कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. "कधीपासून दुखतंय?"

"दिवालीपासून."

"मग इतके महिने काय केलंत?"

"गरम पान्यात बुडवीत व्हते," मावशी म्हणाल्या. "ह्या बाईंनी सांगितलं तसा." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट सांगितलेलं आपण नीट पाळलं, कसूर केली नाही, असा सूर होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण यांच्या?"

"शेजारी. शिक्षिका आहे." कोणता विषय शिकवते ते मी सांगितलं नाही.

औषध सुरू झालं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या, ठरावीक महिन्यांनी रक्ताची तपासणी. सूज उतरेल, दुखणंही कमी होईल, पण जी झीज झाली ती भरून येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. लवकर आला असतात तर कदाचित एवढं झालं नसतं, हेही म्हणाले. परतीच्या एस्टीत मावशींनी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. उतरताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमच्यामुलं झालां हो." मी तो हात तसाच धरून ठेवला आणि काही बोलले नाही. ती माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा लहान असेल, पण आजही तीच जास्त टोचते.

बोलायला मला पंधरा दिवस लागले. दुपारच्या वेळी त्यांच्या ओट्यावर गेले. सून आत बाळाला निजवत होती. वही बरोबर नेली होती. ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांना वाचायला वेळ लागतो. स्वतःचं वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग त्याच्या वर माझ्या अक्षरात लिहिलेली लक्षणंही वाचली.

"म्हंजे तुमाला ठावां व्हतां."

"शंका होती, मावशी. दाट शंका होती."

"मंग बोलल्या का नाय?"

मी ठरवून आले होते की खोटं बोलायचं नाही. "अकरा पेशी राहिल्या होत्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ओट्यासमोरच्या अंगणात एक कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "त्या झाल्या ना पन सगल्या?"

"झाल्या."

"बरां झालां," म्हणाल्या. यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. मी विचारलं की तुमचं वाक्य गेममध्ये आहे, ते ठेवू की काढू. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "लिवताना इचारलां नाय. आता कशाला इचारता?" आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "जा आता. मला भात टाकायचाय."

मी वाक्य काढलं. पुण्याची विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, त्या टप्प्यातला जीवच गेला." मी तिला कारण सांगितलं. मग आम्ही सातवा टप्पा नव्याने लिहिला. त्यात आता खेळणारा मधेच पेशीतून बाहेर येतो, आजीला दवाखान्यात नेतो आणि तिला न्यायला तो जितका उशीर करेल तितकं आतलं नुकसान वाढतं. स्पर्धेची तारीख या सगळ्यात निघून गेली. गेम पुढच्या वर्षी पाठवला. बक्षीस मिळालं नाही, पण तालुक्यातल्या काही शाळा तो वापरतात. गेममध्ये 'आकृत्या' म्हणून मावशींचं नाव घालू का, असं मी त्यांच्या सुनेकरवी विचारलं होतं. स्वतः जायचा धीर झाला नाही. उत्तर आलं, नको.

औषधाचा गुण आला. मावशी पुन्हा कारखान्यात जातात. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. बारीक डोळे त्या आता काढत नाहीत. मोठ्या मूर्तींच्या पितांबराचे काठ रंगवतात आणि दोन नव्या मुलींना आखणी शिकवतात, तोंडाने सांगून. ब्रश मुलींच्या हातात असतो. मालकांनी त्यांना कमी लेखलेलं नाही. मात्र त्या ब्रश टेकवायला लागल्या की आता कारखान्यात कोणी बोलायचं थांबत नाही.

मी अजूनही येता-जाता दिसते त्यांना. त्या तोंड फिरवत नाहीत. "बाई, आज लवकर?" असं विचारतात. श्रावणात घरच्या पडवळाची भाजी पाठवतात. पण मी "हात कसे आहेत?" म्हटलं की "बरे हायेत" एवढंच म्हणून हात पदराखाली घेतात आणि रोह्याकडे पाऊस किती झाला ते विचारतात. ठणक आहे का, रात्री झोप लागते का, गोळ्यांनी मळमळतं का, हे सगळं मला त्यांच्या सुनेकडून कळतं.