अर्ध्यात थांबलेली चक्की

मुलांनो, परक्या देशातल्या लढाईतून सैन्य परत कधी बोलवायचं, यावरून तुमच्याकडे जेवताना वाद झाला, असं फोनवर कळलं. म्हणून चामोर्शीच्या आमच्या चक्कीवाल्याबद्दल आत्ताच सांगून ठेवते.

आपली फौज श्रीलंकेत होती, तेव्हाची गोष्ट. त्याचा एकुलता मुलगा त्या फौजेत होता. चक्कीवाला कानांवर पंचा बांधून ओरडून बोलायचा. चक्की बंद असली तरी ओरडूनच. एकदा धान्य ओतलं की दळण संपेपर्यंत चक्की थांबवायची नाही, हा त्याचा नियम. घरातून जेवायची हाक आली तरी तो थांबत नसे.

"भाऊ, आता आपल्या पोरांना परत आणायला हवं," मी एकदा म्हटलं.

"काऊन बाई? अर्धं दळण सोडून येते का कोणी? लोक काय म्हणतीन?"

"पोरगा तुमचा हाय ना तिथी, भाऊ," मागे उभी असलेली एक बाई म्हणाली. "लोकायचा नाई."

त्याने कानांवरचा पंचा आणखी आवळला. त्या दिवशी पीठ मात्र नको इतकं बारीक आलं.

पुढे एका सकाळी माझी ज्वारी दळली जात असताना त्याची बायको धावत आली. फौज परत येणार, असं रेडिओवर सांगितलं होतं. त्याने बटण बंद केलं.

"बाकीचं उद्या, बाई," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

मी अर्धंच पीठ घेऊन घरी आले.

मुलगा सुखरूप परतला. चक्की अजून आहे. आता मुलगा ती चालवतो, आणि जेवायची हाक आली की थांबवतो.