शमीममावशी नको म्हणाली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आताही शब्द जुळत नाहीयेत — पण न सांगता राहायचाही कंटाळा आलाय.

कासार आंबोलीच्या एका बंगल्यात देशोदेशीच्या कलाकारांच्या व्हिडिओंचं प्रदर्शन भरणार होतं. अंधाऱ्या खोल्या, भिंतभर पडदे. एका पडद्यावर नुसती वितळणारी बर्फाची लादी, दुसऱ्यावर झोपलेल्या बापाकडे बघत बसलेला मुलगा. चिलीहून आलेल्या एका बाईंना तिथे गावातल्या बायका दाखवायच्या होत्या. प्रत्येकीने कधीच न बोललेली एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायची. मी हिंजवडीत नोकरी करते, माहेर पौडचं — म्हणून दुभाषी मी.

मीच त्यांना शमीममावशीकडे नेलं. तिचं पौडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. लहानपणी माझ्या हातात बांगड्या तिनेच भरलेल्या. मी सोबत होते म्हणून ती बसली, आणि बोलली. तिचा इम्रान तिच्या पोटचा नव्हता. धाकट्या बहिणीला लग्नाआधी झालेला. त्याला हे ठाऊक नव्हतं. दर ईदला येणारी खाला हीच त्याची आई, हे त्याला कोण सांगणार?

डोळे पुसत मावशी मला म्हणाली, "लई हलकं वाटलं बघ. पन ह्ये दावू नका कुनाला. तेवढं सांग तिला."

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या?

मी म्हटलं — हलकं वाटलं, म्हणाल्या.

का? घाईत राहून गेलं असं मी बरीच वर्षं मनाला समजावलं. राहून गेलं नव्हतं. इतकं खरं बोलणं त्या बाईंना दुसऱ्या कुणाकडून मिळालं नव्हतं, आणि ते मी मिळवून दिलं होतं. शेवटी पडद्यावर माझं नाव येणार होतं. आपल्या भागातलं कोण येतंय असलं बघायला — असंही वाटलं.

इम्रान कंपनीची कॅब चालवायचा. प्रदर्शनाला कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन तोच आला. वाट बघता बघता आत डोकावला, तर भिंतीवर त्याची अम्मी बोलत होती.

त्याने भांडण केलं नाही. हिंजवडीत खोली घेतली. अजूनही ईदला येतो, जेवतो, औषधं आणून देतो. फक्त तिला कसलीच हाक मारत नाही.

मी मावशीकडे गेले, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तू सांगितलं न्हवतंस का तिला?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "तिने ऐकलं नाही."

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.  मावशी माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे. परक्या मुलखातली बाई ती. तिला काय कळनार आपलं? तू नको जिवाला लावून घिऊ."

मी मान डोलावली.