काचेखालचा अर्ज

"माझ्या हातात काय आहे, मावशी?" असं म्हणून ते दोन्ही पंजे उताणे करून दाखवायचे. नळाचं पाणी गेलं तरी हेच, भात करपला तरी हेच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

ते सरकारी वकील. कॉम्प्युटरवरच्या गुन्ह्यांचे खटले त्यांच्याकडे. वाशीत भाड्याच्या घरात एकटे राहायचे. मी घणसोलीहून जाऊन स्वयंपाक करायचे. माणूस वाईट नव्हता. सुरमईची मधली तुकडी माझ्यासाठी ठेवायचा आणि वर म्हणायचा, "हिला काटे फार." सुरमईला कसले काटे?

माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगी राहते. बाप वाशीच्या बाजारात गोणी उचलतो. कॉलेजच्या साइटवर आपल्याऐवजी दुसऱ्याचा नंबर टाकला की त्याचे गुण, पत्ता, आधार, सगळं दिसतं, हे तिला कळलं. दोन मैत्रिणींचं उघडून तिने खात्री केली आणि प्राचार्यांना रीतसर अर्ज दिला. खाली सही, "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी". कॉलेजने तोच अर्ज पुरावा म्हणून पोलिसांना दिला. खटला आला साहेबांकडेच.

"गुन्हा कबूल करून वर आज्ञाधारक!" साहेब हसले. मी हसले नाही.

"साहेब, कडी उघडी हाय म्हनून सांगायला चोर येतो का?"

"नाही येत."

"मग खटला मागं घ्या. तुमाला घेता येतो, तिचा वकील बोलला."

"येतो. मी अर्ज द्यायचा, कोर्टाने मान्य करायचा. पण हिला सोडलं की उद्या खरा चोरही म्हणेल, मी सांगायलाच आत शिरलो होतो. आणि लोक विचारतील, वकिलाने काय खाल्लं?"

"सुरमई," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज लिहिला आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला. सही तेवढी नव्हती. मी चौथी शिकलेली, पण टेबल पुसताना रोज वाचायचे. तिने कुणाचं नुकसान केलेलं नाही, असं त्यांच्याच अक्षरात होतं. सहीचं विचारलं की म्हणायचे, "पुढच्या तारखेआधी." अशा तारखांत दोन वर्षं गेली. मुलीला नोकरी लागली, नोकरीसाठीच्या पोलीस चौकशीत हा खटला निघाला, नोकरी गेली. आता ती दुकानात कपड्यांच्या घड्या घालते. साहेब काय म्हणाले, हे विचारायचंही तिने सोडलं.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. सामान टेम्पोतून करंजाड्याला निघालं. त्यांनी काच उचलून अर्ज काढला आणि चार घड्या करून खिशात ठेवला.

"आता खरंच माझ्या हातात काही नाही, मावशी."

"होतं तवा काय केलंत?"

या वेळी पंजे वर आले नाहीत. चपला घालून ते गेले.

टेबल घरमालकाचं, ते तिथेच राहिलं. उन्हाने लाकूड फिकटलं होतं, कागदाखालचं तेवढं गडद होतं. मी सवयीने काच पुसली.