नर्मदाकाकीची अकरा वाक्ये

लवू चिंदरकरांना कुणकेश्वरात आजही सगळे केबलवाले काका म्हणतात. माडामाडांवरून त्यांनी ओढलेली वायर केव्हाच निघाली. वय चौऱ्याहत्तर. घरात एकटेच. जेवण झाले की ते मोबाइलवर वीस वर्षांपूर्वीच्या एका मालिकेचा चौदावा भाग लावत.

ती मालिका त्यांच्याच वाडीत चित्रित झाली होती. विहिरीवरच्या शेजारणीचे काम ऐनवेळी लवूकाकांच्या बायकोला, नर्मदाकाकीला मिळाले. एकूण अकरा वाक्ये, सगळी चौदाव्या भागात. पाच वर्षांनी ती लेप्टोच्या तापाने गेली. फोटो आहेत, पण तिचा आवाज फक्त त्या भागात होता. काकांनी भरून ठेवलेल्या टेपांना खाऱ्या हवेत बुरशी लागली होती.

गेल्या वर्षी मालिकेच्या कंपनीने आपल्या ॲपवरून मालिका काढली. मी त्यांच्या वाडीतलाच, संगणक शिकलेला, म्हणून काका माझ्याकडे आले. अशा वेळी फाइल बहुधा सर्व्हरवर जागच्या जागी असते, तिच्याकडे जाणारी वाट तेवढी बंद करतात, असे मी सांगितले. शोधता शोधता खारेपाटणच्या शर्मिला नावाच्या बाईंनी आपल्या जुन्या डिस्कवरून टाकलेले भाग इंटरनेटवर सापडले. सात महिने काका सुखात होते.

पण दुसऱ्याच्या आवारात पडलेला आंबासुद्धा मालकाला हाक मारल्याशिवाय उचलायचा नाही, ही त्यांची रीत. एका दुपारी त्यांनी स्पीकर चालू करून कंपनीला फोन लावला. मी समोरच होतो. त्यांनी काय विचारायचे ठरवले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

जुनी मालिका का काढली आणि परत बघू देणार का, असे काकांनी विचारले. फोनवरची मुलगी गोड बोलत होती.

"काका, दिवाळीत तीच मालिका आम्ही नव्याने आणतोय. जुनी समोर असली की लोक तुलना करतात. शिवाय जुनी दाखवली की दरवेळी कलाकारांना मानधन द्यावं लागतं. काही वर्षं कुणाला मिळाली नाही, की ओढ वाढते. मग योग्य वेळी काढू."

"म्हणजे अढीत घातलास."

"हो, तसंच," ती हसली.

"अढीत लय दिवस ठेवलो तर आंबो कुसता गो."

"मालिका कशी कुजेल, काका?"

"मालिका नाय गो बाय. मी."

मग तिने अगदी आपुलकीने विचारले, "मग सध्या तुम्ही कुठे बघता?"

मी हाताने नको नको केले. काका माझ्याकडे बघतच नव्हते.

"खारेपाटणची शर्मिला म्हणान आसा. तिणा सगळे भाग सांभाळल्यान. तिका शाबासकी देवा तुमी."

"नक्की देऊ. नाव परत सांगता? आणि आडनाव?"

काकांनी सावकाश, एकेक अक्षर सुटे करून सांगितले. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता.

चौथ्या दिवशी तो भाग उघडेना. संध्याकाळपर्यंत सगळेच भाग गेले. मग शर्मिलाबाईंचा फोन आला. नंबर त्यांना नोटिशीसोबतच्या कागदावर मिळाला होता. तक्रारीचा उगम म्हणून काकांचेच नाव होते.

"माका वकिलाची नोटीस इली, चिंदरकरानू. माझा खंय काय चुकला होता?"

"मी तुझी तारीफ केलंय गो."

"व्हय, भारी तारीफ! घोव म्हणता, पोलीस येतले. डिस्की चुलीत घातलंय मी."

"सगळ्यो?"

"सगळ्यो."

काकांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. ती बाई केव्हाच बंद करून गेली होती.

मग मीही कंपनीला तीन पत्रे लिहिली: फक्त चौदावा भाग द्या, एका माणसापुरता. तिन्ही वेळा एकच छापील उत्तर आले. योग्य वेळी कळवू.

नवरात्रात नव्या मालिकेची जाहिरात सुरू झाली. विहिरीवर एक तरणी नटी, डोक्यावर चकचकीत कळशी. "आवशीक सांग, पाणी भरलंय," ती म्हणाली. नर्मदाकाकीचेच वाक्य. जाहिरात दर पंधरा मिनिटांनी लागे. देवळाजवळच्या हॉटेलात, एसटी स्टँडवर, शेजारच्या घरात.

काकांनी घरातला टीव्ही बंद केला आणि डोळे मिटून बसले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते.

"काय झाला, काका?" मी विचारले.

"तिका बोलवतंय," ते म्हणाले. "पण ती दुसरीच बोलता."